तिसरी खूण

धाकटीचं लग्न झालं त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते डबी गेली त्याचं.

डबी म्हणजे गोळ्यांची. सात खणांची, प्रत्येक खणावर वाराचं अक्षर. अकरा वर्षं ती माझ्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारच्या फळीवर होती आणि दर रविवारी दुपारी मी ती भरत होते. लग्नानंतर चौथ्या दिवशी जावईबापू आले, उभ्याउभ्या चहा प्यायले, ‘ताई, डबी नेतो’ म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशात टाकून घेऊन गेले. फळीवर तेवढा चौकोन स्वच्छ राहिला होता, बाजूनं धूळ. ती फळी मी कितीतरी दिवस पुसली नाही.

जावईबापू हे मी त्याला मनातल्या मनात म्हणते, आणि चिडून म्हणते. तोंडावर अहो-जाहो, मनात अरे-तुरे, असा आमचा कारभार. माणूस वाईट आहे का? नाही. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मी आनंदानं त्याचा राग केला असता.

आम्ही दोघी बहिणी गणवेश शिवतो. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे. खाली कारखाना, वर माझं घर. कारखाना म्हणजे काय, तीन मशीनं, एक लांब टेबल आणि दोन मदतनीस बायका. मी शिवते, धाकटी कापते. कापडाचे आठ थर एकावर एक अंथरून, वरच्या थरावर खडूनं आखून, मोठ्या कात्रीनं एका दमात कापणं हे येरागबाळ्याचं काम नाही. वरची रेघ चुकली की आठही तुकडे वाया. धाकटीचा हात असा की रेघेच्या आत नाही की बाहेर नाही. आई-वडील गेले तेव्हा ती सोळाची होती, मी पंचवीसची. तिला मी वाढवलं असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत. पण लोकांना अडवतही नाही.

एकविसाव्या वर्षी ती आजारी पडली. पाच दिवस झोपलीच नाही, बोलायची थांबेना, आणि शाळेच्या विजारींसाठी आलेला करड्या कापडाचा अख्खा तागा तिनं खडूची एक रेघ न मारता कापून टाकला. एका तुकड्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. म्हणाली, ताई, मापं घ्यायची गरजच नसते, मला ती हवेत दिसतात. त्यानंतर तीन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, बायपोलर. मन सगळ्यांचंच चढतं-उतरतं, पण हिचं चढलं की थांबत नाही आणि उतरलं की तळ लागत नाही. औषधानं ताब्यात राहील, म्हणाल्या, पण औषध सोडायचं नाही, झोप मोडायची नाही आणि कोणीतरी लक्ष ठेवायचं.

ते कोणीतरी म्हणजे मी. लिथियमच्या गोळ्या, त्यावर पाणी किती प्यायचं, डोकं दुखलं तरी कुठली गोळी घ्यायची नाही, सगळं मला तोंडपाठ. रोज रात्री तिला विचारायचं, आज किती? उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत तिनं आकडा सांगायचा आणि मी चौकटीच्या वहीत लिहायचा. वर्षाला एक वही. डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. एक तिची, दुसरी माझी. अकरा वर्षांत तिचं दोनदा बिघडलं. एकदा तिनं बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद केल्या तेव्हा, आणि एकदा कारण कळलंच नाही तेव्हा. दोन्ही वेळा मीच धावले, मीच तिच्या उशाशी बसले. एरवी ती कामावर यायची, हसायची, भांडायची, सिनेमाला जायची, चारचौघींसारखी.

आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. सकाळची गोळी घ्यायच्या आधी. प्रयोगशाळेत रक्त काढायला हा होता.

म्हणजे बघा, माझ्याच पायांनी मी तिला त्याच्या खुर्चीत नेऊन बसवत होते. ‘सकाळची गोळी घेतली नाही ना?’ हे त्याचं तिच्याशी पहिलं वाक्य. दुसरं, मूठ आवळा. दोन वर्षं तो एवढंच बोलत होता आणि मी शेजारी बसून तिची पर्स सांभाळत होते. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की ही रक्त द्यायला जाताना केस धुऊन जाते. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. तिनं लग्नाआधी त्याला आजाराचं सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मला माहीत आहे, तुमचे रिपोर्ट मीच छापतो.

तर असा हा आयत्या बिळावरचा नागोबा. सगळं मी बसवून दिलेलं, डबी, वेळा, आकडे. यानं फक्त येऊन राहायचं. त्यानं आल्याआल्या वही बंद केली आणि आकडे फोनवर भरायला सुरुवात केली. फोन आपोआप आलेख काढतो म्हणे. डॉक्टरीणबाईंना तो आलेख फार आवडला. हे मला धाकटीनं सांगितलं, कारण दुसऱ्या खुर्चीत आता तो बसतो. पहिल्यांदा मी सवयीनं गेले होते बरोबर. बाहेरच्या बाकावर बसले, मासिक उलटं धरून. नंतर गेले नाही.

त्याहून जास्त झोंबलं ते लोकांचं. कपडे न्यायला येणारा प्रत्येक जण धाकटीला म्हणायचा, नवरा मिळाला हो तुला, देवमाणूस. शाळेतल्या मुख्याध्यापिका तेच म्हणाल्या. समोरचा चष्मेवाला तर दर आठवड्याला म्हणायचा. अकरा वर्षं मी केलं तेव्हा मला कोणी देवमाणूस म्हटलं नाही. बहिणीनं केलं की कर्तव्य, नवऱ्यानं केलं की देवपण. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, इथे तर कानामागून आला. माझा तीळपापड व्हायचा आणि मी मशीन जोरात चालवायचे, म्हणजे ऐकू येऊ नये.

असे चौदा महिने गेले. मग तो मंगळवार आला.

शाळा सुरू व्हायचे दिवस, कामाचा ढीग. त्यात जावईबापूंची पाळी बदलली होती. प्रयोगशाळेत त्याला पहाटे जावं लागायचं आणि त्याच्याबरोबर हीपण उठायची. मी दोनदा म्हटलं, झोप मोडतेय तुझी. ती म्हणाली, तो बघतो आहे ताई. तो बघतो आहे! मग मी म्हटलं, बघू दे.

मंगळवारी सकाळी ती शीळ घालत आली. निळं कापड अंथरलं, आठ थर केले, कडा जुळवल्या. मी बटणं लावत होते. कात्रीचा आवाज आला म्हणून मान वर केली, तर तिनं वरच्या थरावर खडू लावलेलाच नव्हता. कागदाचा नमुना खुंटीवर तसाच. ती सरळ कापत चालली होती, आणि कापत होती अगदी बरोबर.

माझ्या हातातली सुई थांबली. मला माहीत होतं हे काय आहे. तिन्ही वेळा सुरुवात अशीच झाली होती. आधी खडू जातो, मग झोप, मग बाकीचं सगळं.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मला आनंद झाला. भीती नंतर वाटली, आधी आनंद झाला. पोटातून उकळी फुटावी तसा. वाटलं, आता दिसेल. फोनमधल्या आलेखाला दिसलं नाही ते मला बटणं लावता लावता दिसलं. आता कळेल सगळ्यांना देवमाणूस कोण ते.

मी तिला काही बोलले नाही. त्याला फोन केला नाही. मनाची समजूतही तयार होती, नोंदी तो ठेवतो ना, मग त्यालाच दिसू दे, आपण कशाला लुडबूड करा.

तिनं बाही अर्धी कापली आणि थांबली. टेबलाकडे बघत उभी राहिली. मग कात्री उचलून माझ्या मशीनवर आणून ठेवली. म्हणाली, ‘ताई, ही तुझ्याकडे राहू दे.’

मी म्हटलं, बरं. मला वाटलं, धार गेली असेल.

त्या संध्याकाळी मी तिची जुनी खोली आवरली. पलंगावर धुतलेली चादर घातली, तिची पातळ उशी शोधून काढली, टेबलावर पाण्याचा जग ठेवला. अकरा वह्यांतली शेवटची वही काढून उशाशी ठेवली. ती येणार, आठ-दहा दिवसांत येणार, आणि तो दारात उभा राहून म्हणणार, ताई, मला जमलं नाही. हे वाक्य मी चादरीच्या सुरकुत्या काढताना त्याच्या आवाजात दोन-तीनदा ऐकलं. फळीसुद्धा पुसली.

बुधवारी कात्रीला धार लावायला पाठवली. धाकटी उशिरा आली, दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला. रक्त दिलं का विचारलं तर हो म्हणाली. तीन महिने झाले असतील, मला वाटलं. हिशेब करायला हवा होता, केला नाही. पूर्वी मी रक्ताच्या तारखेवर घड्याळ लावलं असतं. दिवसभर तिनं काज-बटणं केली आणि अधूनमधून माझ्याकडे बघत राहिली. एकदा म्हणाली, ताई, आज खुशीत दिसतेस. मी म्हटलं, का, असू नये का? ती म्हणाली, तसं नाही, गुणगुणते आहेस म्हणून विचारलं. मला मी गुणगुणते आहे हे माहीतही नव्हतं.

गुरुवारी दवाखान्याचं काम होतं. परिचारिकांचे पांढरे डगले, चाळीस नग, सोमवारी द्यायचे. कापड मी स्वतः अंथरलं. आठ थर, कडेला कड. कागदाचा नमुना खुंटीवर होता तिथेच राहू दिला, आणि खडूची पेटी माझ्या मशीनच्या खणात होती, ती काढली नाही. मग धार लावून आलेली कात्री तिच्यापुढे धरली.

‘घे. आता लोण्यासारखी चालेल.’

तिनं कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. मी नजर चुकवून दोऱ्याचं रीळ बदलायला लागले, जे नुकतंच बदललेलं होतं.

‘आज नको ताई,’ ती म्हणाली. कात्री न घेता तिनं पर्स उचलली आणि अकरा वाजताच घरी निघून गेली.

शुक्रवारी ती आलीच नाही.

दहा वाजेपर्यंत मी वाट पाहिली. मग मात्र आनंदाची वाफ उडून गेली आणि खाली नुसती भीती उरली. तिचा भिंतीकडे वळलेला चेहरा आठवला. तीन दिवस. तीन दिवस मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. तीन दिवसांत तिचं काय होऊ शकतं हे माझ्याइतकं जगात कोणाला माहीत नव्हतं. मी मशीन बंद केलं, मदतनीस बायकांना काही न सांगता निघाले आणि त्यांच्या घरापर्यंतची दहा मिनिटं पाचात चालले. जिने चढताना दोनच गोष्टी मनात येत होत्या. एक, तिला काही होऊ नये. दुसरी, झालं असेल तर तो घरी नसावा, आधी मी पोचावं. बघा, तिथेसुद्धा.

दार त्यानंच उघडलं. कामावरून सुट्टी घेतलेली दिसत होती. म्हणाला, या ताई, आम्ही तुमच्याबद्दलच बोलत होतो.

धाकटी टेबलाशी बसली होती, डोळे सुजलेले, नुकतीच झोपेतून उठलेली. पण होती जागेवर. डोळ्यांत ती भलती चमक नव्हती. तिनं मला बस म्हटलं आणि जांभई दिली.

सगळं त्यानं सांगितलं, हळू आवाजात, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. मंगळवारी संध्याकाळी तिनंच घरी येऊन सांगितलं की खडू विसरले. त्यांनी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन केला. बुधवारी रक्त तपासलं, लिथियम थोडं कमी भरलं. गोळी वाढवली, पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासायचं, थोडे दिवस झोपेची एक गोळी जास्त. आठवडाभर कापायचं काम बंद. त्यानं पाळी बदलून मागितली आहे, ती उद्यापासून मिळेल. वेळेवर कळलं म्हणून निभावलं, बाई म्हणाल्या.

मी मान हलवत राहिले. म्हणजे मला वाटत होतं मी एकटीच बघतेय, आणि हे दोघं माझ्याआधी सगळं करून मोकळे झाले होते. मी विचारलं, तुला कसं कळलं? पूर्वी तुला कधीच आपणहून कळायचं नाही.

तिनं बोट दाखवलं. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद होता. त्यावर तिचं अक्षर, तेच तिरकं. डॉक्टरीणबाईंनी करायला सांगितला होता, तो म्हणाला, आजार उलटायच्या आधी ओळखायच्या खुणांचा. डावीकडे खूण, उजवीकडे काय करायचं ते. मी उठून वाचला.

पहिली खूण, झोप पाच तासांच्या खाली. समोर, डॉक्टरांना फोन.

दुसरी, खडू न लावता कापते. समोर, कात्री ताईकडे द्यायची.

तिसरी, ताई खुशीत असते. गुणगुणते. माझी खोली आवरते.

समोर काही नव्हतं. जागा कोरी.

मी तो कागद परत पहिल्यापासून वाचला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर तिसरी ओळ बदलणार होती.

‘मागच्या दोन्ही वेळा असंच झालं होतं,’ धाकटी म्हणाली. ‘मी आजारी पडायच्या आधी आठवडाभर तू गुणगुणायचीस. मला वाटायचं, मी छान आहे म्हणून ताई खूश आहे. मग एकदा वह्यांतल्या तारखा बघत होते तेव्हा लक्षात आलं.’

मी म्हटलं, हे तू याला सांगितलंस?

‘त्याला नको तर कोणाला सांगू? वाईट वाटून घेऊ नकोस ग. झोपेची खूण कधीकधी चुकते. तुझी चुकत नाही.’

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. ती पावसापाण्याचं बोलावं तसं बोलत होती. मग तिनं विचारलं, मंगळवारी खडू नव्हता लावला ते तू पाहिलंस ना? मी हो म्हटलं. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. ती म्हणाली, मलापण वाटलं पाहिलंस. म्हणून तर कात्री तुझ्यापुढे आणून ठेवली. वाट बघत होते, तू काहीतरी बोलशील म्हणून.

‘आणि तू तिला धार लावून आणलीस.’

अकरा वर्षं मी तिच्या प्रत्येक जांभईचा आकडा लिहिला. ती माझ्याकडे बघते आहे हे मला एकदाही दिसलं नाही. मला वाटत होतं की तिच्यावर माझा जीव आहे म्हणून मी तिची काळजी करते. खरं उलट होतं. ती बरी असली की मला करमत नव्हतं. हे माझ्याआधी तिला कळलं, आणि कळूनही तिनं दुसऱ्या खुणेसमोर माझंच नाव लिहिलं, कात्री ताईकडे द्यायची.

मी रडले थोडी. फार नाही, त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. तो उठून चहा टाकायला गेला. तेवढी अक्कल त्याला होती.

मग मी डोळे पुसून विचारलं, हे समोरचं कोरं का ठेवलं आहे?

‘काय करायचं ते सुचलं नाही,’ धाकटी म्हणाली. ‘आम्ही दोघांनी खूप विचार केला.’

फ्रिजवर दोरीला पेन्सिल बांधलेली होती. मी ती घेतली. कागद डाव्या हातानं दाबून धरला आणि तिसऱ्या खुणेसमोर लिहिलं, ‘ताईला तोंडावर विचारायचं.’ अक्षर वाकडं आलं.

जावईबापू चहा घेऊन आले. त्यांनी कागद वाचला. आणि ताई खोटं बोलल्या तर, असं ते विचारू शकले असते. मी असते तर विचारलंच असतं. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, साखर दीड चमचा घातली आहे, बरोबर ना?

बरोबर होती. मला त्याचा रागच आला.